सुईबाईच्या मुलखात

चंदगडला हौसेनं जाणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. गोव्याला जाताना वाटेत चहा पिऊन पुढं सटकणारे पुष्कळ. मी स्वतः तिकडं गेलो तो चिखल आणायला. विनोद करत नाही. रुंद तोंडाच्या तीस निर्जंतुक बाटल्या, एक खुरपं, चिकटपट्ट्या आणि एक वही एवढा संसार घेऊन दोन हजार तीनच्या डिसेंबरात मी पुण्याहून निघालो. परत आल्यावर ज्यानं विचारलं त्याला सांगत बसलो, पण प्रत्येकाला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तोंडानं सांगणं जमेना. लिहिताना ती अडचण नाही, म्हणून सगळं लिहून टाकतो.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहायक आहे. क्षयरोगावर नवी लस शोधणारे लोक जगभर आहेत. आम्ही त्यांच्यातले अगदी शेवटच्या रांगेतले. जुनी लस म्हणजे बीसीजी आपल्यातल्या बहुतेकांनी घेतलेली असते. तान्ह्या मुलांना ती क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचवते, पण मोठेपणी फुप्फुसांच्या क्षयापुढं तिचं कितपत चालतं याची खात्री कुणी देत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा प्रश्न असा, की लहानपणी टोचलेली लस शरीराच्या लक्षात राहते तरी किती वर्षं? रक्तात काही पेशी असतात, त्यांचं काम फक्त ओळख ठेवणं. लस टोचायची म्हणजे त्यांना जंतूचा एक मवाळ भाऊबंद दाखवून ठेवायचा. मग त्या वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. तोच चेहरा पुन्हा समोर आला, की मात्र पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर उठतात. ही ओळख अजून शिल्लक आहे का, ते आम्ही परीक्षानळीत बघतो.

त्यासाठी दिवाळीआधी आम्ही जीपनं जाऊन चंदगड तालुक्यातल्या एका गावातल्या चाळिशीच्या लोकांचं रक्त आणलं होतं. डाव्या दंडावर बीसीजीचा वण असला तर लस घेतलेला, नसला तर न घेतलेला, असा साधा नियम. सोबत त्या गावच्या जुन्या टोचणीच्या रजिस्टराच्या झेरॉक्स होत्या. पुरुषांचं रजिस्टर आणि दंड तंतोतंत जुळले. बायकांचं एकीचंही जुळेना. रजिस्टरात नाव, वय, छापील ‘डावा दंड’ आणि टोचणाऱ्या बाईंची सही; प्रत्यक्षात दंड कोरा. ‘दंडावर लस टोचली होती का?’ असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर ‘न्हाय’. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “मुली कागदावरच टोचल्या बाईंनी. झाडाखाली बसून रजिस्टर भरलं.”

ती सही माझ्या आईची होती. हे मी मॅडमना कळू दिलं नाही.

आईबद्दल मला सांगता येण्यासारखं फारच थोडं आहे. वडील माझ्या जन्माआधीच गेले. तिनं नर्सिंग केलं, आणि टोचणीच्या पथकात तिला नोकरी मिळाली. पथकात बाई ती एकटीच. मला कोल्हापुरात मंगळवार पेठेत मामाकडं ठेवून ती गारगोटी, आजरा, चंदगड अशी वाड्या-वस्त्यांवर फिरायची. महिना-दीड महिन्यानं एकदा यायची. माझ्या सातव्या वर्षी पावसाळ्यात ती तिकडंच विषमज्वरानं आजारी पडली आणि कोल्हापूरला आणेपर्यंत संपली. तिचा एक फोटो आहे. तिच्या पिशवीला येणारा स्पिरिटचा वास मला आठवतो. तिचा आवाज आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला, पण नाही आठवत. मामी म्हणायची, “ती लोकांच्या पोरांसाठी हाय बाबा, तुझ्यासाठी मी हाय.” बिचारीनं समजूत घालायला म्हटलेलं, पण त्या लोकांच्या पोरांचा मला जन्मभर हेवा वाटत आला. आणि आता मॅडम म्हणत होत्या, की त्यांनासुद्धा ती टोचायला गेली नव्हती. मग मला सोडून ती तिथं करत काय होती?

त्यातच रक्ताचे निकाल आले आणि सगळी प्रयोगशाळा चक्रावली. कोऱ्या दंडाच्या बायकांच्या पेशीसुद्धा लस ओळखत होत्या, अगदी वण असलेल्या पुरुषांसारख्याच. क्षयाचा जंतू येऊन गेला म्हणावं, तर तीही खूण नव्हती. खऱ्या जंतूत असणारा आणि लशीत नसणारा एक तुकडा असतो, तो त्यांच्या पेशी ओळखत नव्हत्या. मॅडमनी दोन दिवस विचार करून निदान केलं, की हा मातीचा खेळ. ओल्या मुलखात माती-पाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी नातेवाईक राहतात. बायका भातलावणीत चिखलात उभ्या असतात, तीच त्यांची लस. तेव्हा चिखल आणा. “कोण जाईल?” असं त्यांनी विचारताच मी हात वर केला. चिखलासाठी एवढी हौस कुणी दाखवलेली त्यांनी पूर्वी पाहिली नसावी.

गारगोटी

कोल्हापूरला उतरून मी मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळ म्हणून जे देतात त्याला नावं ठेवायचा हक्क मी इथल्या कटाच्या पहिल्या घोटाला पुन्हा मिळवतो. नाक-डोळे पुसत गारगोटीची एसटी धरली.

गारगोटीत मला एक माणूस गाठायचा होता. पथकाची जीप चालवणारे रामभाऊ तिथं मुलाकडं राहतात, असा पत्ता मी आधीच काढून ठेवला होता. बाजारपेठेच्या मागं घर होतं. अंगणात बाजेवर बसून म्हातारबुवा शेंगा फोडत होते.

“कुठलं पावणं?” त्यांनी दुरूनच आवाज टाकला. या गावांत कुजबुज म्हणून काही नसतंच.

“पुण्याचा. जुन्या टोचणीबद्दल विचारायचं होतं.”

“या की मग. बसा. शेंगा खावा.”

मी कोणाचा मुलगा ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चांगलंच सांगितलं असतं, आणि मला खरं हवं होतं. निदान निघताना तरी तसं वाटत होतं. पथकातल्या बाईंचा विषय मी हळूच काढला.

“सुईबाई? व्हय तर! तिला सगळी सुईबाईच म्हणायची. लय तरतरीत.” त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या. “पण एक सांगतो तुमास्नी. बायकांच्यात ती एकटी जायची. आमी गडी बाहेर, गाडीपाशी. सकाळी जायची आणि दोपारी यायची ती पाक सगळं रजिस्टर भरूनच. आमचं गडी घरोघर हिंडून दमायचं, पन्नास पोरं बी व्हायची न्हाईत. हिची कशी हुयाची? सायेब बी विचारायचं.”

“मग काय सांगायची ती?”

“हसायची,” रामभाऊ म्हणाले. “काय सांगायचीच न्हाय.”

शेंगा गोड होत्या, पण उरलेल्या मी तशाच खिशात टाकल्या. मी उठलो. त्यांनी जेवायला थांबण्याचा फार आग्रह केला, त्यांच्या म्हातारीनं आतून पाट मांडल्याचा आवाज केला, तरी मी एसटीचं कारण सांगून निघालो. खोटं रजिस्टर भरणारी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. तीही दुपारपर्यंत मोकळी होतात आणि विचारलं की हसतात.

आजरा

आजऱ्याला मुक्काम केला. गाव जवळ आल्याचं कळायला पाटी वाचावी लागत नाही. संध्याकाळच्या वेळी कुठल्यातरी घरात घनसाळचा भात शिजत असतो आणि त्याचा वास रस्त्यावर येतो. पुण्यात मी हाच तांदूळ पुडीवर नाव वाचून घेतो आणि घरी शिजवल्यावर शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. खाणावळीत नुसता भात, वर दूध-तूप आणि आमटी वेगळी वाटीत, असं जेवलो. मालकांनी विचारलं, “आमटी घाला की भातावर?” म्हटलं, राहू दे, आधी असाच खातो.

आई आजऱ्याहून आली की पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढायची, हे मला जेवता जेवता एकदम आठवलं. किती वर्षांनी आठवलं कोण जाणे. ती पुरचुंडी मामीच्या हातात द्यायची, आणि काहीतरी म्हणायची. ओठ हललेले दिसले मला, शब्द ऐकू आले नाहीत. मी भाताच्या ताटावर तसाच बसून राहिलो, तेव्हा मालकांना वाटलं भात कच्चा राहिला.

सकाळी गाडीला वेळ होता म्हणून काजूच्या एका शेडमध्ये डोकावलो. रांगेनं बसलेल्या बायका भाजलेली बी यंत्राच्या पात्यात धरून फोडत होत्या. टरफलाच्या तेलानं कातडी जळते, म्हणून हाताला राख चोपडलेली. चाळिशीच्या बायका दिसल्या की माझी नजर हल्ली आधी डाव्या दंडावर जाते. नोकरीनं लावलेली वाईट खोड. एकीनं ते पाहिलं आणि पदर दंडावरून ओढून घेतला. मी इतका ओशाळलो, की लागत नव्हते तरी पाव किलो काजूचे तुकडे विकत घेऊन बाहेर पडलो.

चंदगड

आजऱ्यापासून पुढं जमीन लाल होत जाते. कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत डिसेंबरातही पाणी चमकत होतं. काजूच्या बागा, मधेच दाट झाडी, आणि घाटातल्या वळणावर खाली दरीत अडकून बसलेलं धुकं. एसटीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बाटल्या कसल्या म्हणून चौकशी केली. चिखल न्यायला आलोय म्हटल्यावर त्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, “का, पुण्यात चिखल संपला व्हय?” पुढची दहा मिनिटं मी गाडीची करमणूक होतो.

चंदगडला कमळ सिस्टर भेटल्या. मागच्या वेळी गावात आमच्या बरोबर हिंडल्या होत्या त्याच. उपकेंद्रात नर्स, जवळच्याच गावच्या, वय पंचेचाळीस, आवाज घाट ओलांडून जाईल असा. “मी कवाच आलो! तुमची गाडी लेट,” म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात. पुण्यात वीस वर्षं काढून माझी जीभ धुतली गेली आहे, पण हे ऐकलं की अजून घरी आल्यासारखं वाटतं.

चिखल गोळा करणं सोपं असेल, हा माझा गैरसमज पहिल्याच घरी गेला. मी खाचरातली माती खुरप्यानं बाटलीत भरून झाकण लावत होतो, तेवढ्यात घरच्या म्हातारीनं हात धरला. शेतातली माती परगावी मोकळी पाठवायची नसते. तिनं आतून हळद-कुंकू आणि चार अक्षता आणून बाटलीत घातल्या, वर हात जोडले. निर्जंतुक बाटलीचा तिथंच निकाल लागला. मी सिस्टरकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “घ्या की. न्हेऊन काय खाणार हाय का तुमी?” दुपारपर्यंत माझ्याकडं अकरा बाटल्या झाल्या आणि त्यातल्या नऊ पूजा केलेल्या. पहिल्या बाटलीवर मी ‘नमुना दूषित’ असं लिहिलं. नंतर लिहायचं सोडून दिलं.

बारावं घर शेवंताबाईंचं. रजिस्टराच्या झेरॉक्सवर त्यांचं माहेरचं नाव होतं, त्यापुढं वय वर्षं चार आणि आईची सही. त्यांचं सासरही याच गावातलं, त्यामुळं सापडल्या. त्यांनी गुळाचा चहा दिला आणि सरळ विचारलं, “सर, खरं सांगा. माती कशाला पायजे?”

मी सांगितलं. तुमच्या रक्ताला लशीची ओळख आहे. तुम्हाला लस तर टोचलेली नाही. तेव्हा ती ओळख मातीतून आली असणार.

शेवंताबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. ते इतकं वाढलं, की हातातली कपबशी खाली ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या. “माती!” म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या. मग सिस्टरांना खुणावून आत घेऊन गेल्या. आतून आधी कुजबुज ऐकू आली. या गावात पहिल्यांदाच ऐकली मी ती. नंतर दोघींचं हसणं.

सिस्टर बाहेर आल्या त्या तोंडावर पदर धरून. “सर, बाटल्या ओता खाली.”

“का?”

“लस घेतलीया तिनं. लहानपणीच. गावातल्या सगळ्या पोरींनी घेतलीया.”

“अहो, पण दंडावर नाही ना!”

“मांडीवर हाय.”

मी उठून उभा राहिलो. आतून शेवंताबाईंचा आवाज आला, “तुमी दंडाचं विचारलासा, आमी दंडाचं सांगितलं. मांडीचं कोण विचारलं आमास्नी?”

“आणि तुम्हाला माहीत नव्हतं?” मी सिस्टरांना विचारलं.

“माझ्या गावात न्हवतं की असलं. आज कळलं.” मग त्या एकदम गंभीर झाल्या. “क्षयाची सुई म्हणायची लोकं हिला. पोरीच्या दंडावर तसला डाग दिसला, की बघायला आलेले म्हणायचे घरात क्षय हाय. उठून जायचे. म्हणून आयांनी दडवली. हे कधी बापय माणसांच्या कानावर गेलं न्हाय. नवऱ्यानं विचारलं तर लहानपणी गळू झालतं म्हणून सांगायचं.”

“टोचलं कुणी?” मी विचारलं.

“कोण सुईबाई म्हणून हुती म्हंतात.”

मी ओसरीवरून खाली उतरलो आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. समोर खाचरात एक बगळा होता. मला ओरडून त्याला सांगावंसं वाटलं, की तिनं टोचलं होतं. एकेका पोरीला टोचलं होतं. मग सिस्टरांनाच सांगितलं, सुईबाई माझी आई. त्या तशाच आत गेल्या. थोड्या वेळानं शेवंताबाई बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेतलेला, हसणं पार गेलेलं. माझ्यापुढं पुन्हा चहा ठेवून म्हणाल्या, “अगोदर सांगायचं न्हाईसा व्हय?”

एसटीडी बूथ

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदगडच्या एसटीडी बूथमधून मॅडमना फोन लावला. मी म्हणालो, माती नको, त्या बायकांना लस टोचलेली आहे, मांडीवर. वण तपासायला तुम्ही स्वतः या, किंवा कमळ सिस्टर तपासतील. मला कुणी दाखवणार नाही. हे समजायला मॅडमना वेळ लागला नाही, त्या हुशार आहेत. म्हणाल्या, “म्हणजे आपले दोन गट नाहीतच. एकच गट आहे. आणि तीस-पस्तीस वर्षांनी आठवण शिल्लक आहे.” मग थोडं थांबून, “पण रजिस्टरात तर डावा दंड आहे.”

“रजिस्टर खोटं आहे.”

“तसं लिहावं लागेल आपल्याला. नोंदी कुणी केल्या होत्या, काही कळलं?”

बूथमधल्या काचेला मागच्या माणसानं कपाळ लावलं होतं. मला वाटलं, नाव सांगितलं नाही तरी चालेल. सही कुणाला वाचता येत नाही. टोचलं हे खरं, लिहिलं ते खोटं, आणि छापून येणार ते लिहिलेलंच. सरकारी कागदावर खोटं लिहिणारी बाई म्हणून आई शास्त्रज्ञांच्या एका तळटीपेत कायमची बसणार होती. पण सांगितलं नाही, तर ती झाडाखाली बसून रजिस्टर भरणारीच राहणार होती, निदान मॅडमच्या डोक्यात.

“माझ्या आईनं,” मी म्हणालो.

“तू तेव्हा का नाही बोललास? मी झाडाखाली वगैरे म्हणाले...”

“मला तसंच वाटलं होतं.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू झाला होता. “नाव नको घालायला. पण काय झालं ते सगळं विचारून घे. आणि आणखी दोन दिवस राहा, मी रजा लावते.”

गंगव्वा

शेवंताबाईंनी सांगितलं होतं, की सगळं पहिल्यापासून हवं असेल तर गंगव्वाला विचारा. गावाबाहेरच्या वाडीत त्या राहतात, पलीकडं कर्नाटकाची हद्द दिसते. सिस्टर आणि मी चालत गेलो. गंगव्वा सत्तरीच्या घरातल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. मराठी बोलता बोलता सुनेला कानडीतून हुकूम सोडायच्या आणि पुन्हा मराठीत यायच्या. आम्हाला आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, काजूगराची उसळ, घट्ट दही. मी पहिल्या घासाबरोबरच विचारायला लागलो, तर म्हणाल्या, “जेव आधी. तोंडात घास घिऊन विचारू नगं.”

जेवणं झाल्यावर सोप्यात बसलो. त्यांनी पानाची चंची सोडली.

“पयल्यांदा बापय टोचणारं आलतं. आमी पोरी गंजीमागं दडवलो. मग ही आली. हितंच बसली, तू बसलाईस तितं. मी सरळ सांगितलो, बाई, पोरास्नी कुटं टोचायचं तितं टोच. पोरीच्या दंडाला हात लावू नगं.”

“मग?”

“मग काय, वादच झाला. तीबी काय कमी न्हवती. म्हणली, क्षयानं पोर गेली तर लगीन कुणाचं लावतीस? मी म्हटलो, लगीन झालं न्हाय तर जगून तरी काय करंल? दोन दिस हितनं हलली न्हाय. बसली की बसलीच. तिसऱ्या दिशी म्हणली, गंगव्वा, कपड्यात झाकंल असं टोचलं तर? मी म्हटलो, मग आणतो की पोरगी. तर म्हणली, पण माझ्या कागदावर डावा दंड छापलंय. मी म्हटलो, कागद काय पोरीला बघाय येणार हाय का?”

सिस्टर खो-खो हसल्या. मीही हसलो.

“दाराला लुगडं बांधली आणि टोचली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. हाळीपाळीनं सगळ्या बायका पोरी घिऊन हितंच यायच्या. तिला कुटं हिंडाय लागलं न्हाय. दोपारपातूर पाक हुयाचं.”

रामभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं. तिनं त्यांना ते का सांगितलं नाही, हेही कळलं. पोरींच्या आयांना शब्द दिला असणार.

“माझ्याबद्दल काही बोलायची?” मी विचारलं. विचारायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं.

गंगव्वानं सुपारी कातरायची थांबवली. “न्हाय,” म्हणाल्या. “एकदा मी विचारलो, तुला किती पोरं? एक हाय म्हणली आणि सुईची पिचकारी तशीच हातात धरून बसली. त्या दिशी काम झालं न्हाय. मग मी कवा विचारलो न्हाय, ती कवा बोलली न्हाय.”

सिस्टर दुसरीकडं बघायला लागल्या. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. गंगव्वानंही गप्प बस वगैरे काही म्हटलं नाही. सुपारी कातरून पूर्ण केली, पान लावलं, माझ्यापुढं ठेवलं.

“आवाज कसा होता तिचा?” मी म्हणालो. “मला आठवत नाही.”

“आवाज सांगायचा कसा, तम्मा?” धाकट्या भावाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या. चंची बाजूला सारून जरा विचार केल्यासारखं केलं. मग एकदम पुढं सरकल्या, माझा डावा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि मनगट घट्ट दाबून धरलं. खरखरीत म्हातारा आवाज कुठं गेला कळलं नाही. वरच्या पट्टीतला, घाईतला, कोल्हापूर शहरातल्या बाईचा आवाज निघाला: “अगं बया! दारात कोण आलंय बघ?”

मी वळून दाराकडं बघितलं.

विचार करून नाही. मान आपोआप फिरली, दंड आक्रसला, आणि श्वास धरला गेला. सुई टोचताना पोराची नजर दाराकडं वळवणारा हा आवाज, हे शब्द, हा मनगटावरचा दाब कधीतरी माझ्याही वाट्याला येऊन गेलेला होता. मग मागून गंगव्वा म्हणाल्या, “झालं, झालं,” त्याच आवाजात, आणि हात सोडला. तरी मी दाराकडंच बघत राहिलो. बाहेर नुसतं ऊन होतं. चाळिशीला टेकलेला माणूस मी, चार माणसांत बसलेला. पण तेवढ्या वेळात दारात माझी आई आली आहे, असं मला अगदी खरं वाटलं होतं.